चैत्र पाहुण्यांचा नाही

पाडवा जवळ आला की एक वाद दरवर्षी नेमाने पेटतो. एका बाजूला गावाकडच्या उन्हाळ्याचे गोडवे गाणारे असतात. विहिरीतल्या उड्या, अंगणातल्या बाजा, आजीच्या हातची आंब्याची डाळ, आणि शेवटी 'आता ते गाव राहिलं नाही' हा सुस्कारा. दुसऱ्या बाजूला त्यांना खडसावणारे. ते विचारतात, हे सगळं कुणाच्या घामावर उभं होतं? ती विहीर कुणाला खुली होती आणि कुणाला नव्हती? एवढाच पुळका असेल तर जाऊन राहत का नाही? पहिले दुसऱ्यांना रूक्ष म्हणतात, दुसरे पहिल्यांना भाबडे म्हणतात, आणि आंबे संपायच्या आत वादही संपतो. मला हा वाद चुकीच्या जागी अडकलेला वाटतो, कारण भांडणाऱ्या दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली आहे. गावाकडचा चैत्र-वैशाख म्हणजे बाहेरून येणाऱ्याने उपभोगायची चीज, हे दोघांनाही मंजूर आहे. एकाला ती आता मिळत नाही याचं दुःख आहे, दुसऱ्याला ती पूर्वी मिळत होती याचा राग आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. ते आनंद खरे होते, आजही आहेत, आणि ते कामातून निघतात. शेतकऱ्याच्या घरात या दोन-अडीच महिन्यांत पुढच्या सबंध वर्षाची बेगमी होते. त्या बेगमीला सगळ्यांचे हात लागतात म्हणून माणसं एकत्र जमतात आणि एकत्र जमतात म्हणून तिथे हसणं-खिदळणं, गाणी, खाणंपिणं असतं. काम काढून घेतलं तर उरतो तो फक्त उकाडा. टाकून द्यायची आहे ती कामाची अन्यायाची वाटणी. त्यामुळे गाव जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर आठवणींत सापडणार नाही. कुठलं काम कुणी उचलायचं, घर-जमीन कुणाच्या नावावर असायची, आणि मुलांनी तिथे असावं यासाठी त्यांना मोकळे दिवस कोण देणार, या व्यवहाराच्या प्रश्नांत ते आहे.

हे काम काय असतं ते जवळून पाहिल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. कुरडईचंच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वास सहन करायचा. मग वाटून, पिळून चीक काढायचा आणि रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वर साचलेलं निवळ पाणी अलगद ओतून द्यायचं, कारण ते जास्त राहिलं तर कुरडई वळणार नाही. चूल पहाटे पेटते. आधणात मीठ-हिंग पडतं, एकजण चिकाची धार धरतो आणि दुसरा हाटत राहतो. हात थांबला की गाठी झाल्याच. घट्ट होत जाणारा तो चीक हाटायला दंडात ताकद लागते, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. ऊन चढायच्या आत सोऱ्याने बाजेवरच्या कापडावर कुरडया पडल्या पाहिजेत. दुपारभर कावळे, कोंबड्या, शेळ्या यांच्यापासून राखण करायला पोरं बसतात. त्यांची मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, वर दूध-साखर नाहीतर तेल-तिखट. शहरात वाढलेल्या माणसाला गावाकडच्या उन्हाळ्याची जी चव आठवते ती बहुतेक वेळा या मजुरीची असते. त्याला कुणी नुसतं बोलावून खाऊ घातलेलं नसतं, तो राखणीला बसलेला असतो.

अढीचंही तसंच. पाडाला लागलेले आंबे झेल्याने उतरवायचे, आपटू द्यायचे नाहीत, देठ सांभाळायचा. गवताचा थर, आंब्यांचा थर, पुन्हा गवत. त्यानंतर रोज हात घालून ते फिरवायचे. पिकलेले वेगळे, नासायला लागलेला लगेच बाहेर, नाहीतर शेजारचे चार घेऊन जातो. हे काम घरोघर एखाद्या म्हाताऱ्याकडे असतं आणि त्याच्या हाताखाली एक-दोन नातवंडं असतात. बोटाने दाबून नव्हे तर वासावरून आंबा ओळखायला ती तिथेच शिकतात. देशावर याच दिवसांत ज्वारीची सुगी उरकून कडब्याच्या गंजी लागतात, चिंचा झोडपून फोडायच्या असतात, वर्षाचं तिखट कुटायचं असतं, विहिरीतला गाळ काढायचा असतो, रान नांगरून तापत ठेवायचं असतं. कोकणात भाताच्या तरव्यासाठी राब भाजायचे, रातांब्यांची सालं रसात पुन्हा पुन्हा बुचकळून आमसुलं वाळवायची, लाकूडफाटा आणि शेणी पावसाआधी आडोशाला न्यायच्या, फणसाची आणि आंब्याची पोळी घालायची. 'साधे आनंद' हा शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. यात साधं काहीच नाही, एकेका कामामागे पिढ्यांची अक्कल आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा. हे काम बायकांनी केलं आणि आनंद इतरांनी घेतला. हे खरं आहे आणि ते कमी करून सांगण्यात अर्थ नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात देशभर घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. उन्हाळ्यात पाहुण्यांनी भरलेल्या घरात ही दरी किती वाढत असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. त्यातही एक गाठ आहे जिच्याकडे दोन्ही बाजू पाहत नाहीत. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या आणि आमरस-पुरणपोळी खातात. वर्षभर सासरी राबलेल्या बाईला हे चार दिवस हवेच असतात. पण ज्या घरात ती विसाव्याला येते तिथे तिची वहिनी चुलीपुढे उभी असते. एकीचं माहेर हे दुसरीचं सासर असतं. लेकीची विश्रांती सुनेच्या कष्टातून काढायची आणि घरातल्या पुरुषांनी ओसरीवर बसून दोघींचं कौतुक करायचं, ही व्यवस्था मला अन्यायाचीच वाटते.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? 'मग हे सगळं बंदच होऊ दे' असं म्हणणारे एक गोष्ट विसरतात. पापड-कुरडया बाजारातून आणल्या तरी त्या बायकाच करतात. फक्त त्या आपल्या नजरेआड, एखाद्या बचत गटाच्या शेडमध्ये करतात आणि आपल्याला मोकळं वाटतं. त्यांना त्याचे पैसे मिळतात ही मोठीच गोष्ट आहे, मी ती नाकारत नाही. पण घरातल्या बाईच्या वाट्याचं काम घरातल्या पुरुषाने उचलावं हा मूळ प्रश्न पाकीट विकत आणून सुटत नाही, तो फक्त टळतो. दुसरं असं की वाळवणाचं काम कुणी एकटीने करायचं कधीच नव्हतं. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशी सावड असायची. सकाळी लाटणी आणि पोळपाट घेऊन चार घरच्या बायका एकीकडे जमत. लाटता लाटता जे बोलणं व्हायचं ते सासू-नवऱ्याच्या पहाऱ्याबाहेरचं असायचं. गावातल्या कुठल्या बाईवर काय बेतलंय ते आधी तिथे कळायचं. ती जागा त्यांची होती. त्या सगळ्या नुसत्या भरडल्या गेल्या असं ठरवून टाकणं म्हणजे त्यांच्या आयुष्यातला त्यांनी स्वतः कमावलेला भागही काढून घेणं. ज्या बायकांनी हे केलंय त्यांना विचारलं तर कामाबद्दलची तक्रार क्वचित ऐकू येते. तक्रार असते ती सावड मोडल्याची. माणसं शहरात गेली, काम तेवढंच राहिलं आणि ते एकटीच्या अंगावर पडलं.

चीक हाटायला दंडात ताकद लागते हे वर लिहिलं. मग हे काम पुरुषांनी का करू नये? कुस्तीच्या फडात शड्डू ठोकणारे हात घरच्या चुलीपुढे का वळत नाहीत? यात्रेत शंभर माणसांचा रस्सा रांधायला गावातले पुरुषच उभे राहतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. म्हणजे रांधण्याचा कमीपणा नाही, रोजच्या रांधण्याचा आहे. चैत्र-वैशाखात तरी घरातल्या मुलाने आणि बापाने वाळवणाचा एक पूर्ण दिवस स्वतःच्या अंगावर घ्यावा, अगदी भिजत घातलेल्या गव्हाचं पाणी बदलण्यापासून. 'आम्ही मदत करतो' ही भाषा इथे पुरत नाही. मदत करणाऱ्याला थांबता येतं, काम ज्याचं असतं त्याला थांबता येत नाही.

दुसरा आक्षेप जातीचा, आणि तो याहून जड आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा ठरवलं होतं. खेड्याचे गुण गाणाऱ्यांना दिलेला तो सडेतोड जबाब होता आणि तो अनुभवातून आलेला होता. ज्या विहिरीत उड्या मारल्याच्या आठवणी लिहिल्या जातात, त्या विहिरीवर गावातली कित्येक मुलं फिरकूही शकत नव्हती. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावरचा. पाण्यासाठीच तो करावा लागला. शिवाय ज्या घरात सालगडी होता त्या घराच्या सुखाचा हिशोब सालगड्याच्या घराशिवाय पुरा होत नाही. मराठवाड्यात-विदर्भात सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. मालकाच्या दारात गुढी उभी राहते त्याच दिवशी त्याचा पुढच्या वर्षाचा सौदा होतो. त्याची पोरं मालकाची गुरं राखत असत. त्यांचा उन्हाळा कुणी लिहून ठेवला?

हे सगळं मान्य करूनही मी म्हणतो की या आक्षेपाचं उत्तर गावाकडे पाठ फिरवणं हे नाही. ज्यांना गावाने बाहेर ठेवलं त्यांनीच हे आधी दाखवून दिलं आहे. शहरात जाण्याचा मार्ग त्यांनी धरला, तो धरायलाच हवा होता. पण त्याचबरोबर १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मागणी होती कसायला जमिनीची, ती गावातली जमीन होती. गाव हा नुसता सोडून जायचा नरक असता तर हजारो माणसं त्यातल्या जमिनीसाठी तुरुंगात कशाला गेली असती? आणि आज मराठवाड्या-विदर्भातल्या कुठल्याही गावात जाऊन पाहा, ऐन चैत्राच्या दिवसांत कोण परत येतं? १४ एप्रिलला पुण्या-मुंबईहून, सुरतेहून, कंपनीत आठ दिवसांची रजा टाकून माणसं गावी येतात. वस्तीत मांडव पडतो, निळे झेंडे लागतात, वर्गणीतून जेवणावळ होते, पोरींची भाषणं होतात, रात्री जलसा रंगतो. गावाकडच्या वसंताबद्दल लिहिताना हा सण कधी का येत नाही? गुढी, चैत्रगौर आणि आंब्याची डाळ एवढ्यावरच लेखणी का थांबते? माझ्या मते गेल्या पाऊणशे वर्षांत गावच्या उन्हाळ्यात पडलेली सगळ्यात मोठी भर ही जयंती आहे. ज्यांना अंगण नव्हतं त्यांनी सबंध रस्त्याचं अंगण केलं. जुनं गाव हरवलं म्हणून रडणाऱ्यांना हे दिसत नाही. गाव म्हणजे निव्वळ अत्याचार म्हणणाऱ्यांनाही दिसत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. महाराष्ट्रातलं सरासरी जमीनधारण १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. चार भावांत वाटलेल्या या तुकड्यावर कुणाचं पोट भरणार? २०११ च्या जनगणनेतच राज्यातली ४५ टक्क्यांहून जास्त माणसं शहरी होती. मग गावचं घर दुरुस्त करत बसायचं, दर उन्हाळ्याला कौलं परतायची, गाडीभाडं घालून पोरांना तिकडे न्यायचं, हा तोट्याचा धंदा नाही का?

असाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत विचारला जात होता. कोकणातले आणि साताऱ्याकडचे कामगार एप्रिल-मे आला की लग्नकार्याला, पेरणीपूर्व कामांना गावी निघून जात. मालक लोक बोटं मोडत. हा कामगार मनाने शेतकरीच आहे, त्याचं गाव सुटल्याशिवाय तो पक्का गिरणी कामगार होणार नाही, असा युक्तिवाद होता. त्यावर विचार करून रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात उलटं मत दिलं. कामगाराचं गावाशी असलेलं नातं ही जमेची बाजू आहे, ती तोडू नये, उलट तिला शिस्त लावून ती टिकवावी, असं त्यांनी म्हटलं. परक्या सरकारच्या कमिशनला जे कळलं ते आपल्याला कळू नये? पुढे काय झालं ते तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तो मिटलाच नाही. खोलीचं भाडं आणि वाण्याची उधारी थकली तेव्हा किती कुटुंबं गावच्या घरी गेली, भावाच्या भातावर आणि आईने उतरंडीला ठेवलेल्या नाचणी-कुळथावर तगली! २०२० मध्ये टाळेबंदी लागली तो २५ मार्च, नेमका पाडव्याचाच दिवस होता. त्यानंतरच्या आठवड्यांत माणसं कुठल्या दिशेने चालत निघाली ते सगळ्या देशाने पाहिलं. गावी गेल्यावर सगळ्यांचं स्वागत झालं असं नाही. कुठे वेशीवर काटे टाकले गेले, कुठे शाळेत चौदा दिवस बसवलं. पण ज्यांचं येणं-जाणं टिकून होतं, जे दर उन्हाळ्याला भावाबरोबर गंज रचायला उभे राहत होते, त्यांना घरात घेताना भावाला विचार करावा लागला नाही. वर्षानुवर्षे तोंड न दाखवलेल्याचं दार ठोठावणं आणि असं येणं-जाणं ठेवलेल्याचं दार ठोठावणं, यात फरक असतोच. १.३४ हेक्टर पोट भरणार नाही, पण पडत्या काळात टेकायला जागा देतं. ही जागा सातबाऱ्यावरच्या नावाने टिकत नाही. ती राबता ठेवल्याने टिकते, आणि तो राबता ठेवण्याचे दिवस हेच असतात.

इथे कृषी पर्यटनाचं नाव पुढे केलं जातं. राज्याने २०२० मध्ये त्याचं धोरण आणलं, अनेक शेतकरी कुटुंबांना त्यातून चांगला पैसा मिळतो आणि तो मिळावाच. ज्याला गावच नाही अशा शहरी मुलाला निदान बैलाच्या अंगाचा वास तरी कळतो. पण जो तिथे पैसे मोजून जातो त्याच्याकडून कुणी काही मागत नाही, आणि त्यालाही कुणाकडे परत मागता येत नाही. हे नातं रविवारी संध्याकाळी मिटतं. गावाशी असलेल्या नात्याला तो पर्याय धरला की फसगत होते, एवढंच.

राहिला मालकीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेतली दडवलेली गोष्ट हीच आहे. माहेरी चार दिवस येणाऱ्या लेकीचं कौतुक गावोगाव होतं. जाताना साडीचोळी, आंब्यांची करंडी, कुरडयांचा डबा. पण त्याच लेकीकडून, बाप गेल्यावर तेराव्याच्या आतबाहेर, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिने सही नाकारली तर पुढच्या आखाजीला तिला मूळ जात नाही, बोलावणंच येत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. कायदा येऊन एवढी वर्षं झाली तरी आंब्याच्या करंडीवर हक्क सोडायचा हा अलिखित सौदा चालूच आहे. म्हणून माहेरच्या उन्हाळ्याबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्या भावांना माझा साधा प्रश्न आहे: त्या घराच्या उताऱ्यावर तुमच्या बहिणीचं नाव आहे का? आणि जी वहिनी, म्हणजे तुमची बायको, त्या घरात राबते तिचं?

हे होण्यासारखं आहे आणि होऊन गेलेलंही आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखांच्या संख्येने बायका जमल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, शेतकऱ्याने आपली काही जमीन स्वखुशीने बायकोच्या नावावर करावी. गावंच्या गावं त्यात उतरली. ते करणारे पुरुष काही परग्रहावरून आलेले नव्हते. जात्याच कर्मठ समजल्या गेलेल्या शेतकरी समाजातलेच होते. उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे चुलीपुढचं काम लगेच वाटलं जातं असं नाही. पण जी घराची मालकीण आहे तिला 'तू पाहुण्यांचं बघ' म्हणताना जीभ थोडी तरी अडखळते. आणि लेक जर वारस म्हणून येत असेल तर ती चार दिवसांची पाहुणी राहत नाही. तीही अढीत हात घालते, भावाबरोबर विहिरीच्या गाळाच्या खर्चात वाटा उचलते, वहिनीला म्हणते, उद्या तुम्ही तुमच्या माहेरी जा, इथलं आम्ही बघतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा जाण्या-येण्याचा खर्च हेही कारण आता पहिल्याइतकं राहिलेलं नाही.

शेवटी मुलांच्या दिवसांबद्दल, कारण हा प्रश्न सरकारच्या हातातला आहे. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या गेल्या. चैत्री पौर्णिमा १२ एप्रिलला होती. म्हणजे जोतिबाची यात्रा, हनुमान जयंती आणि कित्येक गावांच्या जत्रा परीक्षेच्या आत आल्या, १४ एप्रिलही आत आला. या निर्णयामागचं कारण पोकळ नव्हतं. परीक्षा लवकर उरकली की मुलं शाळेत येत नाहीत, महिनाभर शिकवणं बुडतं, आणि ते सगळ्यात जास्त कुणाचं बुडतं तर ज्यांना घरी शिकवणारं कुणी नाही त्यांचं. या मुद्द्याला नुसतं 'पोरांना मामाच्या गावाला जाऊ द्या' हे उत्तर होऊ शकत नाही. घरच्या कामात हात लावणं आणि बालमजुरी यांतलं अंतर गरीब घरात फार थोडं असतं, हेही विसरता येत नाही. शिकण्यासाठी राखणीला बसलेलं पोर वेगळं आणि घरात खायला नाही म्हणून रोजावर गेलेलं पोर वेगळं.

पण मग निदान हे तरी पाहा, की सगळ्या राज्याला एकच वेळापत्रक लावल्याने कुणाचं काय होतं. बीडच्या ऊसतोड कामगाराचं घर घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, कारखान्याच्या फडावर जातो. मुलं सोबत जातात, नाहीतर आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. फेब्रुवारी सरता सरता नाहीतर मार्चात कारखान्याचा पट्टा पडतो, गाळप संपतं, आणि गाड्या भरून माणसं घरी येतात. बंद घराचं कुलूप निघतं, जमिनीचे पोपडे निघालेले असतात, ती सारवून काढायची असते, उंदरांनी काय काय नेलं ते पाहायचं असतं. सहा महिने दूर राहिलेलं मूल आईच्या जवळ झोपतं ते या दिवसांत. त्या मुलासाठी गावचा उन्हाळा ही हौस नाही. त्याला कुटुंब म्हणून जे काही मिळतं ते एवढंच असतं. त्याचं वेळापत्रक आणि पुण्यातल्या मुलाचं वेळापत्रक एकच असावं, हा हट्ट कशासाठी? उष्म्यामुळे विदर्भातल्या शाळा जूनमध्ये इतरांपेक्षा उशिरा उघडतात, त्याने राज्याचं शिक्षण कोसळलेलं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला सांगतो. ते दिवस कुठले हे तो सांगत नाही. उलट कलम ९ मध्ये शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून नोंदलेलं आहे. बीडच्या जिल्हा परिषदेला पट्टा पाहून, कोल्हापूरच्या जिल्हा परिषदेला जोतिबाची यात्रा पाहून आणि कोकणातल्या जिल्हा परिषदांना आंब्याचा हंगाम पाहून दिवस आखायचे असतील, तर कायद्यात नवीन काही घालावं लागत नाही. गावाने मागावं लागतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडता येतो, आणि तेव्हा पाडव्याला बहुधा दोन-एक महिने बाकी असतात.